सिंहस्थ ते सिंहस्थ, साठ सेंटीमीटर

२०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या ज्या पायऱ्यांवरून भाविक पाण्यात उतरले, त्या पायऱ्या २०२७ च्या सिंहस्थापर्यंत सुमारे ६० सेंटीमीटर ईशान्येला सरकलेल्या असतील. पायऱ्यांबरोबर गोदावरी, काळाराम मंदिर, पांडवलेणी, गंगापूरचं धरण, निफाडच्या द्राक्षबागा, सगळा मुलूखच तेवढा पुढे गेलेला असेल. म्हणून तर नाशिककराला त्याची चाहूल लागत नाही. आसपासचं सगळंच एका चालीनं चाललं असेल, तर ती चाल ओळखायची कशावरून? त्यासाठी या जमिनीला न बांधलेलं काहीतरी डोक्यावर असावं लागतं. पूर्वी ते काम ताऱ्यांकडे होतं, आता ते उपग्रहांकडे आलं आहे.

बारा वर्षांत ६० म्हणजे वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर, आणि हा आकडा मोजून काढलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत उपग्रहांचे संदेश टिपणारी कायमची केंद्रं आहेत. बंगळूरचं केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून काम करतंय. सगळ्या पृथ्वीसाठी मिळून जी एक संदर्भचौकट ठरवली आहे, तिच्यात या केंद्रांची जागा रोज काढली जाते. आलेखावर ते रोजचे ठिपके वर्षामागून वर्षं एका सरळ रेषेत चढत जातात. नाशिक या केंद्रांच्याच, भारतीय भूपट्टावर आहे आणि त्याच्या घट्ट, न चुरगळलेल्या भागात आहे, त्यामुळे त्याचा वेगही जवळपास तोच. नकाशावर ही दिशा ढोबळमानानं काठमांडूच्या रोखाची आहे.

ब्रह्मगिरीपासून चांदवडच्या डोंगरापर्यंत दिसणारा काळा पाषाण याच वाटचालीत घडला. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा वाहिला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या भागात होता. रियुनियन २१ अंश दक्षिणेला आहे, नाशिक २० अंश उत्तरेला. म्हणजे मजल ४,००० किलोमीटरहून अधिक झाली. त्या काळी वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्या घरात होता. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी धडक झाली आणि वेग मंदावला. थांबला मात्र नाही, आणि हिमालयातल्या मोठ्या भूकंपांचं मूळ त्या न थांबण्यातच आहे.

खंड सरकतात हे १९१२ साली ठामपणे मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरला हे सरकणं मोजायचंच होतं. ग्रीनलंडचे रेखांश पुन्हापुन्हा काढले तर फरक दिसेल, अशी त्याची खात्री होती. त्याची मूळ कल्पना बरोबर होती, पण वेगाचा त्याचा अंदाज फारच मोठा होता आणि हाताशी असलेली साधनं इतक्या सूक्ष्म फरकासाठी अपुरी होती. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फातच त्याचा अंत झाला. त्याला हवं असलेलं साधन त्यानंतर साठेक वर्षांनी वापरात आलं.

ते साधन आता नाशिक जिल्ह्यातल्या बांधावर येऊन पोचलं आहे. शंकू-साखळी आणि प्लेन टेबल मागे पडून भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापक हल्ली रोव्हर घेऊन मोजणीला येतात. माणसाच्या उंचीहून थोडी जास्त अशी एक काठी, तिच्या टोकाला चपटा अँटेना, मध्यावर पाण्याचा बुडबुडा असलेली गोल पातळी आणि हातात मोबाइलसारखा पडदा. काठीचं टोक हद्दीच्या दगडावर टेकवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा आणि पडद्याकडे बघत थांबायचं. लगतचे खातेदार श्वास रोखून उभे असतात. पडद्यावर ‘फ्लोट’ असं दिसत असेल तर मोजणी घेत नाहीत. आंब्याच्या झाडाखाली किंवा उंच भिंतीशेजारी ते ‘फ्लोट’ बराच वेळ जात नाही. ‘फिक्स’ आला की बिंदू नोंदवतात आणि पुढच्या दगडाकडे जातात.

या दोन शब्दांत सगळ्या तंत्राची मेख आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण आपली वेळ आणि जागा सतत सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे १५ वा भाग लागतो. त्या वेळेवरून अंतर, आणि चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा निघते. आपला मोबाइल एवढंच करतो, म्हणून तो चार-पाच मीटरनी चुकतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे घड्याळात किंचित गडबड झाली की जागा घसरलीच.

रोव्हर आणि भूपट्ट मोजणारी केंद्रं याहून खोल जातात. संदेश ज्या रेडिओलहरीवर स्वार होऊन येतो, ती लहरच ती मोजतात. तिची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर असते आणि लहरीचा शंभरावा भागसुद्धा ओळखता येतो; म्हणजे जवळपास २ मिलिमीटर. अडचण एवढीच की लहरीचा शेवटचा अपूर्ण तुकडा मोजता येतो, पण उपग्रहापासून इथपर्यंत अशा पूर्ण लहरी किती झाल्या ते आधी ठाऊक नसतं. उपग्रह आकाशात पुढे सरकत असताना, जवळच्या स्थिर केंद्राशी तुलना करत, हा पूर्णांक शोधावा लागतो. सापडला नाही तोवर ‘फ्लोट’, सापडला की ‘फिक्स’. या तुलनेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागानं महाराष्ट्रात सत्तरहून अधिक स्थिर केंद्रं उभारली आहेत. ‘कॉर्स’ या नावानं ती ओळखली जातात आणि दिवसरात्र चालू असतात.

शेताची हद्द काढायला दोन-तीन सेंटीमीटरची अचूकता पुष्कळ झाली आणि ती मिनिटभरात मिळते. भूपट्टाचा अभ्यास मागतो मिलिमीटर, आणि तो मिळायला वर्षं जातात. वाटेत विघ्नंही बरीच. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात लहर रेंगाळते. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वापरून ती चूक काढून टाकता येते. खालच्या थरातली वाफ जास्त छळते. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीवर ढग उतरलेले असतात तेव्हा उंचीचे आकडे सगळ्यात जास्त डळमळतात.

पण माझ्या मते दख्खनमधली सगळ्यात मोठी अडचण पायाखाली आहे. गोदावरीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी आकसते की भेगेत हात जाईल. अशा मातीत रोवलेला खांब वर्षाकाठी जितका हलेल, त्यापुढे भूपट्टाचा वेग काहीच नाही. म्हणून अभ्यासाचं केंद्र उघड्या कातळावर हवं, पोलादी दांडा बेसाल्टात भोक पाडून पक्का बसवलेला हवा. त्यानंतरही ऋतूंचा हिशेब राहतोच. पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साठणाऱ्या पाण्याच्या भारानं आसपासचं भूकवच काही मिलिमीटर दबतं आणि पाणी ओसरलं की वर येतं. नेपाळमधल्या केंद्रांच्या नोंदींत हा चढउतार दर वर्षी दिसतो. असं असल्यामुळे किमान अडीच वर्षांच्या अखंड नोंदीशिवाय कुठल्याही केंद्राचा वेग भरवशाचा मानत नाहीत.

इथे शेतकऱ्याच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे: जमीन सरकत असेल तर माझ्या बांधाचं काय? बांध सरकतो, शेजाऱ्याचाही सरकतो, दोन्ही सारखेच, त्यामुळे क्षेत्र आणि हद्द तीच राहते. नकाशाचे आकडे तेवढे एका ठरावीक वर्षाला बांधून ठेवावे लागतात. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर सरकतो. तिथे १९९४ ला बांधलेले आकडे बदलून २०२० ला बांधले, तेव्हा अख्ख्या देशाचे निर्देशांक सुमारे १.८ मीटरनी पुढे ढकलावे लागले. कुणाचं घर मात्र तसूभर वाकडं झालं नाही.

सगळं एकाच वेगानं सरकत असेल तर भूकंप होत नाहीत. धोका असतो तो दोन ठिकाणांच्या वेगांतल्या फरकात. या प्रकरणातलं हे एक वाक्य पक्कं धरून ठेवावं, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो हिमालयात. युरेशियाच्या तुलनेत भारत वर्षाला ३५ ते ४० मिलिमीटर उत्तरेकडे घुसतो. नेपाळमध्ये १९९१ पासून डोंगरमाथ्यांवर जीपीएस मोजण्या सुरू झाल्या आणि १९९७ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकूण घुसण्यापैकी सुमारे २० मिलिमीटर एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात, उरलेले तिबेट आणि त्यापलीकडच्या पर्वतांत. यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हिमालयाच्या पायथ्यालगतची केंद्रं जवळपास भारताच्याच वेगानं चालतात आणि उंच शिखरांच्या ओळीपाशी आलं की वेग झपाट्यानं बदलतो. याचा अर्थ, भारत ज्या तिरप्या प्रस्तरभंगावरून हिमालयाखाली शिरतो तो वरच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात अडकलेला आहे. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार चौकटीत रुतून बसतं. ढकलत राहिलं तरी हलत नाही, फळी थोडी वाकते आणि मग एकाएकी धाडकन उघडतं. या प्रस्तरभंगाचं तसंच आहे. उपग्रह वाकलेली फळी मोजतात.

त्यावरून हिशेब मांडता येतो. वर्षाला १८ ते २० मिलिमीटर म्हणजे शतकाला सुमारे २ मीटर. पश्चिम नेपाळ आणि कुमाऊँच्या भागातला शेवटचा अतिमोठा भूकंप १५०५ सालचा. तेव्हापासून पाचशे वर्षांत सरकायचं राहून गेलेलं अंतर ९ मीटरच्या आसपास भरतं. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळच्या गोरखा भागात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा काठमांडू काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलं आणि जवळपास मीटरभर वर उचललं गेलं. जवळच्या केंद्रांनी ही हालचाल घडत असतानाच टिपली. सुमारे ९,००० माणसं गेली. तरीही तो भंग पायथ्यापर्यंत फुटला नाही, सगळी तूट भरून निघाली नाही. भूकंप कोणत्या दिवशी होईल हे कुणालाही सांगता येत नाही. किती लांबीचा पट्टा अडकला आहे आणि त्यात किती तूट साठली आहे, एवढं सांगता येतं, आणि पूल-धरणं-इस्पितळं बांधणाऱ्याला तेवढं फार मोलाचं आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. इथे हेच साधन जवळपास मुकं होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती, माणसं दमून झोपलेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदं अंगावर येऊन जवळपास १०,००० जीव गेले. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. द्वीपकल्पाचं कवच खरोखर ताणलं जातंय का, हा प्रश्न मग नव्यानं उभा राहिला. उत्तरासाठी संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खुणा शोधल्या. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासपाशी सुरू केलेलं ते काम. तो स्वतः १८२३ साली वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. पुढच्या पिढ्यांनी मोजलेल्या दक्षिणेतल्या काही खुणांवर १९९४ साली जीपीएस ठेवून अंतरं पुन्हा काढली. १८६४ ते १९९४ अशा १३० वर्षांत त्या खुणांमधल्या जमिनीत ठळक म्हणावा असा काहीच फेर पडलेला नव्हता. पुढची तीस वर्षं स्थिर केंद्रांनीही तेच दाखवलं: द्वीपकल्पातली कुठलीही दोन ठिकाणं घ्या, त्यांच्या वेगांतला फरक वर्षाला एक-दोन मिलिमीटरपेक्षा कमी भरतो, बहुतेकदा मोजणीच्या चुकीएवढाच.

मग किल्लारी कशी झाली? साधा हिशेब करून पाहू. समजा शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला ०.१ मिलिमीटर इतकंच आकुंचन होतंय. एक मीटर सरकण्याइतका ताण साठायला १०,००० वर्षं लागतील. आपली उत्तमातली उत्तम केंद्रं दहा-पंधरा वर्षांनंतरही वेगात काही दशांश मिलिमीटरची शंका ठेवतात. म्हणजे किल्लारीसारखा भंग उपग्रहाच्या डोळ्यांसमोर ताणला जात असला तरी आज तो दिसणार नाही. त्यात दख्खनच्या लाव्ह्यानं खालचा जुना खडक झाकून टाकला आहे. किल्लारीच्या विंधन छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली; कोयना भागात गोठणे इथे घेतलेल्या ३ किलोमीटर खोल छिद्रात ती १,२४७ मीटर निघाली. भंग या गोधडीखाली आहेत, वरून दिसत नाहीत. जीपीएसच्या नकाशावर दख्खन स्थिर दिसतं म्हणून ते सुरक्षित आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला किल्लारीचं नाव सांगावं.

कोयनेची कहाणी वेगळी. १०३ मीटर उंच धरणामागे १९६२ पासून पाणी साठू लागलं, छोटे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. मुळातच तुटण्याच्या बेतात असलेल्या भंगात पाणी झिरपलं आणि भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला, हे त्याचं आज मान्य असलेलं कारण. वरून मोजता येईल असा ताण इथेही फार थोडा. धरणाची भिंत आणि काठ हलतात का हे पाहायला मात्र जीपीएस उपयोगी पडतं. आयआयटी मुंबईनं कोयना धरणावर अशा मोजण्या केल्या आहेत.

या कोयनेमुळेच भूकंपाची नोंद हा महाराष्ट्रात पाटबंधाऱ्याच्या लोकांचा विषय झाला, आणि त्याचं घर नाशिकला आहे. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नाशिककरांची ‘मेरी’, राज्यातल्या धरणांजवळच्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी ठेवते. जिल्ह्यात कुठे भांडी खडखडली की पत्रकार पहिला फोन मेरीला करतात. कळवण तालुक्यातल्या दळवट परिसरात, पेठ-सुरगाण्याकडे असे सौम्य धक्के अधूनमधून बसत आले आहेत. कसाऱ्याचा घाट उतरला की लागणाऱ्या भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली धक्क्यांची मालिका झाली. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून शेकडो धक्के बसले आणि माणसं कित्येक रात्री घराबाहेर तंबूत झोपली. २३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे ३.६ क्षमतेचा धक्का बसला तेव्हा ‘नाशिकला भूकंप’ अशा बातम्या झाल्या. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद ‘नाशिकच्या पश्चिमेला ८९ किलोमीटर’ अशी होती. म्हणजे जागा प्रत्यक्षात पालघरची.

दख्खनमध्ये या बारीक धक्क्यांच्या नोंदींचं मोल म्हणूनच फार आहे. जिथे उपग्रहाला फरक दिसत नाही, तिथे हे धक्केच भंगाची जागा, खोली आणि कल दाखवतात. दोन केंद्रांवर नोंदलेल्या धक्क्यापेक्षा आठ-दहा केंद्रांवर नोंदलेल्या धक्क्याची जागा कितीतरी नेमकी कळते, त्यामुळे केंद्रांची जाळी दाट असणं आणि ती सुट्टीच्या दिवशीही चालू असणं गरजेचं आहे.

२००२ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येतं. नव्या इमारतींसाठी त्यानुसार नियम आहेत. जुन्या नाशकातले लाकूडमातीचे वाडे आणि गोदाकाठची काझीगढी या नियमांच्या आधीच्या काळातली. काझीगढीच्या मातीच्या कड्यावरची घरं साध्या पावसातही ढासळतात. तिथे मध्यम धक्क्याला फार जोर लावावा लागणार नाही. हा धोका ओळखायला कुठल्याच उपग्रहाची गरज नाही, आणि त्याचं काम आधी व्हायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

उपग्रहांना दख्खनमध्ये काम नाही असा याचा अर्थ नाही. त्यांना वेळ हवा. जमीनमोजणीसाठी उभारलेली कॉर्स केंद्रं आज भूकरमापकाला ‘फिक्स’ देतात. त्यांच्या रोजच्या नोंदी जपून ठेवल्या तर वीस-तीस वर्षांनी सह्याद्री ते मराठवाडा या पट्ट्यातला दशांश मिलिमीटरचा फरकही हाती येऊ शकेल. त्यासाठी काही बारीक पथ्यं पाळावी लागतील. गच्चीवर बसवलेला अँटेना इमारतीबरोबर उन्हानं वाकतो आणि थंडीनं आकसतो, म्हणून निदान काही केंद्रं तरी कातळावर हवीत. अँटेना बदलला की त्याचा मोजणीचा मध्यबिंदू काही मिलिमीटरनी उडी मारतो, आणि दख्खनची कित्येक वर्षांची खरी हालचाल त्या एका उडीत हरवून जाते. तेव्हा कोणत्या केंद्राचा अँटेना कोणत्या तारखेला बदलला, कोणता बसवला, खांबाची डागडुजी कधी झाली, ही नोंदवही प्रत्येक केंद्रापाशी ठेवायला हवी, आणि कर्मचारी बदलून गेला तरी ती पुढच्याच्या हाती पडायला हवी.